संध्याकाळचे सात



गेल्या महिन्यात आमच्या घरात तीन दिवस अबोला होता. भांडण झालं नव्हतं, सगळे आपापल्या जागी नीट वागत होते. ताटं वेळेवर वाढली जात होती, सकाळचं स्थानकात जाणंही चुकलं नाही, पण कुणी कुणाशी मोकळं बोलत नव्हतं. कारण एवढंच की सूनबाईंना माळेगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात चांगली नोकरी चालून आली, आणि तीन आठवड्यांतून एक आठवडा दुसरी पाळी होती. म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा.

मी म्हटलं, "रात्री अकराला मुसळगाव फाट्यावरून घरी यायचं? आपल्यात नाही चालत असं."

ती म्हणाली, "मम्मी, न चालण्याचं कारण तेवढं सांगा. मग मी नाही म्हणून कळवते."

मला कारण सांगता येईना. रात्र आहे म्हटलं, तर कंपनीची बस दारापर्यंत येणार होती. नातवाचं काय म्हटलं, तर तो शाळेतून येतो तेव्हा मी घरात असतेच. चौविहाराचं म्हटलं, तर तिने डबा साडेपाचच्या चहाच्या सुट्टीत उघडायचं आधीच ठरवलं होतं. मग उरलं काय? "लोक काय म्हणतील" एवढंच उरलं, आणि ते तोंडाने म्हणायची मला लाज वाटली.

बी.कॉम. झालेल्या बाईची एक खोड असते. हिशोब जुळला नाही की मागची पानं उलटायची. मी तेच केलं. संध्याकाळी सातनंतर बाईने घराबाहेर राहू नये, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं कसं बसलं ते शोधायला लागले. मला वाटलं होतं की हे आपल्या आजी-पणजीकडून आलेलं असणार. ते काही अंशी खरं आहेच. पण हा सातचा आकडा सरकारी कायद्याच्या पुस्तकातही छापलेला होता, आणि तिथे तो कसा पोचला ही गोष्ट मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होते. शेवटी ती आपल्या सिन्नरच्या गल्लीत येते, म्हणून सांगते.

मुंबईत कापड गिरण्या निघाल्या तेव्हा त्यांत बायकाही मोठ्या संख्येने होत्या. कोकणातून आणि देशावरून आलेल्या या बायका सूत रिळावर गुंडाळण्याच्या खात्यात बसत. त्यांच्यावर देखरेख ठेवणारीला नायकीण म्हणत. कामाला लावायचं, काढायचं, सगळं तिच्या हातात, आणि त्यासाठी ती पैसे खाते अशी तक्रार नेहमीची. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत काम. तान्ही मुलं घरी कुणाकडे ठेवायची? पुष्कळ बाया बाळाला अफूची गोळी देऊन कामावर जायच्या, म्हणजे ते दिवसभर झोपून राही. गिरणगावातल्या डॉक्टरांनी १९२० च्या सुमारास यावर लिहून ठेवलं आहे. वाचताना मला आधी त्या बायांचा राग आला, मग त्यांची कीव आली, आणि मग वाटलं की आपण तिथे असतो तर वेगळं काय केलं असतं.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची बाजू लावून धरली, रविवारची सुट्टी मिळवली, हे आपल्याला शाळेत शिकवलं. १८९० सालच्या एप्रिलमध्ये त्यांनी जी मोठी सभा घेतली तिला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या, हे मात्र शिकवलं नाही. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. एकशे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी दहा हजार माणसांपुढे उभं राहून बोलायचं! आपल्याला आजही महिला मंडळाच्या माइकसमोर घाम फुटतो.

१८९१ च्या कारखाना कायद्याने बायकांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली. यामागे दया होतीच, पण नुसती दया नव्हती. मँचेस्टरकडच्या गिरणीमालकांना मुंबईचं स्वस्त कापड डोळ्यांत खुपत होतं. मुंबईच्या गिरण्या कमी तास चालाव्यात यात त्यांचा फायदा होता आणि त्यांनी विलायत सरकारवर दडपण आणलं होतं. पुढे १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर बंदी घालणारा करार झाला आणि हिंदुस्थानने तो १९२१ साली मान्य केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. त्याच्या कलम ६६ मध्ये स्पष्ट लिहिलं की बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत कारखान्यात काम देता येईल. राज्य सरकारला थोडी सूट देता येई, पण रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत कोणत्याही परिस्थितीत नाही.

तर असे हे सात. आपल्या घरातले वडीलधारे "सातच्या आत घरात" म्हणत होते तेव्हा सरकारही तेच म्हणत होतं.

याचा परिणाम काय झाला? बायका सुरक्षित झाल्या का? काही प्रमाणात झाल्याही असतील. पण गिरण्यांमध्ये दोन-दोन, तीन-तीन पाळ्या सुरू झाल्या, तशी मालकांना रात्री न चालणारी बाई परवडेनाशी झाली. त्यात १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. आपल्या देशातला तो पहिलाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या विधेयकाच्या बाजूने भाषण केलं होतं. चांगलाच कायदा, पण रजेचा पैसा मालकाच्या खिशातून जाणार होता, म्हणून काहींनी तरुण लग्न झालेल्या बाया घेणंच कमी केलं. नवीन यंत्रं आली आणि रिळाचं खातंही आक्रसलं. एकेकाळी गिरणी कामगारांत पाचात एक बाई असे. ते प्रमाण घसरत घसरत नगण्य झालं. बाईला रात्रीपासून वाचवलं, पण दिवसाचा रोजगारही गेला. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर जमेच्या बाजूला संरक्षण लिहिलं आणि नावेची बाजू कुणी लिहिलीच नाही.

आता सिन्नरकडे येते.

बाहेरची माणसं सिन्नर ओळखतात ती गोंदेश्वराच्या मंदिरामुळे आणि यादवांच्या जुन्या राजधानीमुळे. अलीकडे एमआयडीसीमुळेही. पण माझ्या लहानपणी नाशिकला कुणी विचारलं "कुठल्या गं?" आणि मी सिन्नर म्हटलं, की पुढचा शब्द विडी. सिन्नरची विडी दूरदूर जायची. गावातली किती घरं त्यावर चालायची याची गणती नव्हती. आपण जैन, तंबाखूला हात लावत नाही, व्यसनाचा धंदा करत नाही, असं आमच्या घरात अभिमानाने सांगितलं जायचं. ते खरंही होतं. पण आमच्या किराणा दुकानाची उधारी विडी कामगारांचा पगार झाला की फिटायची. आणखी एक सांगते. मी बी.कॉम. झाले ते नाशिकच्या बीवायके कॉलेजातून. ही तीन अक्षरं म्हणजे भिकुसा यमासा क्षत्रिय, सिन्नरच्या विडीच्या पेढीचं नाव! तीन वर्षं त्या पाटीखालून आत गेले आणि मनात कधी प्रश्न आला नाही. तेव्हा आपली मूल्यं स्वच्छ आहेत असं म्हणताना मी आता जरा थांबते.

आमच्या गल्लीत एक मावशी विड्या वळायच्या. वसरीवर भिंतीला पाठ टेकून, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. टेंभुर्णीची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात बांधलेली. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायचं, टोक मुडपायचं आणि दोरा गुंडाळायचा. डोळे रेडिओकडे, तोंड आमच्याशी बोलण्यात, बोटं आपली चालू. मजुरी हजारावर. हजार विड्या वळल्या की अमुक रुपये, त्यातून वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या वजा. त्याला छाट म्हणतात. छाट किती काढायची हे ठरवणार तपासणारा, त्यामुळे खरी भांडणं व्हायची ती मजुरीच्या दरापेक्षा छाटीवर.

ही भांडणं दिल्लीपर्यंत गेली आहेत. १९६३ च्या निकालांच्या संग्रहात सिन्नरच्या वरच्या पेढीच्या नावाने सर्वोच्च न्यायालयातले दोन खटले सापडतात. एकात समोर संगमनेर-अकोला तालुक्याची विडी कामगार युनियन आणि विषय किमान वेतनाचा. दुसऱ्यात समोर केंद्र सरकार आणि विषय कारखाना कायद्याचा. खटला कुणी जिंकला हा माझा विषय नाही. मला अप्रूप याचं वाटलं की आमच्या गल्लीतल्या सुपावरचा प्रश्न, म्हणजे ही बाई कामगार आहे की घरी बसून काहीतरी वळणारी बाई आहे, हा प्रश्न देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयापुढे वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा गेला.

शेवटी १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. त्यात घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार म्हटलं, हे फार मोठं काम झालं. मालकांनी त्यालाही आव्हान दिलं आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. १९७६ मध्ये विडीवर उपकर बसवून कामगारांसाठी कल्याण निधी उभारला गेला, त्यातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. पुढे घरी वळणारीलाही भविष्य निर्वाह निधी लागू आहे, असा निकाल झाला. मावशींचं पीएफचं कार्ड मी स्वतः पाहिलं आहे. डब्यात, दागिन्यांच्या शेजारी ठेवलेलं.

याच १९६६ च्या कायद्यात कलम २५ होतं आणि त्यात पुन्हा तेच सात आले. बाईने कामाच्या जागी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढाच वेळ काम करायचं. मात्र कामाची जागा कशाला म्हणायचं याची व्याख्या कायद्यात दिली होती आणि तिच्यातून राहतं घर वगळलं होतं.

ही ओळ मी तीनदा वाचली. म्हणजे कारखान्यात सात वाजता दिवा मालवायचा, आणि घरी? कॉलेजात असताना मावशींचा हिशोब मी लिहून द्यायचे, कारण त्यांना अक्षर येत नव्हतं. दिवसाला हजार विड्या भरायच्या तर स्वयंपाक, पाणी, सासू-सासऱ्यांचं करून सकाळी चारशेच्या वर जात नसत. उरलेल्या रात्री. साडेदहा-अकरापर्यंत बल्बखाली सूप मांडीवर, दोन मुलं त्याच तंबाखूच्या वासात शेजारी झोपलेली, मोठी मुलगी पानं कापून द्यायला बसलेली. त्यांची रात्रपाळी कुठल्याच कलमात बसत नव्हती, कारण ती घराच्या उंबऱ्याच्या आत होती. कायदा झाल्यावर पाळणाघर, सुट्टी, कामाचे तास यांचा खर्च नको म्हणून अनेक गावांत कारखान्यातलं काम कंत्राटदारांमार्फत घराघरात गेलं. बायकांनाही ते बरं वाटलं हे खरं. मावशी म्हणायच्या, "घरच्या घरी आहे बाई, कुणाची नजर नाही, पोरांवर लक्ष राहतं." कामावरची नजर त्यांना नको होती आणि त्याला कारण होतं. सीमेपलीकडे निपाणीत तंबाखूच्या वखारींतल्या बायकांनी १९८० च्या सुमारास संघटना बांधली. त्यांच्या तक्रारींत मजुरी होती आणि वखारीतल्या पुरुषांचं वागणंही होतं. त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' नावाचा माहितीपट १९८२ मध्ये निघाला.

तेव्हा घर सुरक्षित, हे मावशींचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त त्या सुरक्षिततेची किंमत त्यांची पाठ, डोळे आणि खोकला यांतून वसूल होत होती आणि तिची नोंद कुठेच होत नव्हती.

मानसशास्त्राचे लोक या विषयात काय म्हणतात तेही मी वाचलं. सगळं कळलं असं नाही, पण दोन-तीन गोष्टी आपल्या घराला अगदी लागू पडल्या. शालोम श्वार्ट्झ नावाचे अभ्यासक आहेत. त्यांनी १९९२ मध्ये माणसांची मूल्यं दहा प्रकारांत मांडली आणि ती एका वर्तुळात बसवली. परंपरा, रीत पाळणं आणि सुरक्षितता ही तीन मूल्यं त्या वर्तुळात शेजारी-शेजारी येतात. स्वतःचं स्वतः ठरवणं आणि नवं काही करून पाहणं ही त्यांच्या समोरच्या बाजूला. शेजारची मूल्यं एकमेकांना धरून असतात, समोरासमोरची एकमेकांना ओढतात. वाचलं आणि मला आमचं जेवणाचं टेबलच दिसलं. मी "सुरक्षित नाही" म्हणत होते तेव्हा खरं म्हणजे "आपल्यात रीत नाही" असं म्हणत होते, आणि मला स्वतःला त्यातला फरक कळत नव्हता. दोन शेजारणींचे आवाज भिंतीपलीकडून सारखे वाटावेत तसं.

ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या दोघांनी १९८५ मध्ये नोकरी आणि घर यांच्या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले. एक वेळेची. दुसरी थकव्याची, म्हणजे तिकडचा ताण इकडे येणं. तिसरी वागण्याची. कामावर ज्या करारीपणाची शाबासकी मिळते तोच घरी उद्धटपणा ठरतो. आपण सासवा पहिल्या प्रकाराबद्दलच बोलतो, "वेळ कुठून आणणार?" तिसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही, पण सूनबाई ऑफिसच्या फोनवर "हे चालणार नाही, परत तपासा" म्हणते तेव्हा स्वयंपाकघरात माझा हात थांबतो हे मी मान्य करते. वेळेचंही सांगते. सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. "आपल्याकडे तसं नाही," म्हणाले आणि चहा मागितला.

आणि भीतीबद्दल. दिल्लीच्या कॉलेजांतल्या मुलींवर गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी अभ्यास केला. त्यांना आढळलं की चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळत असूनही मुली कमी दर्जाचं कॉलेज निवडतात, कारण तिकडे जायचा रस्ता त्यांना कमी भीतीचा वाटतो. छेडछाड प्रत्यक्ष झाली की नाही, याची वाट त्या पाहत नाहीत. नुसत्या धास्तीवर शिक्षण आणि पुढची कमाई सोडून देतात. मुंबईच्या तीन लेखिकांनी, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी, २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर' नावाचं पुस्तक लिहिलं. बाई रस्त्यावर दिसली की तिच्याकडे काहीतरी काम असायलाच हवं, हातात पिशवी हवी, मूल हवं, नाहीतर ती चांगल्या घरची नाही असं मानतात, असं त्यांनी मांडलं आहे. आपण ज्याला सुरक्षा म्हणतो त्यात अब्रू किती आणि धोका किती, हे वेगळं करून पाहायला हवं, असा त्याचा मला लागलेला अर्थ.

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगावी लागेल. बी.कॉम. झाल्यावर मला नाशिकला एका ऑफिसात हिशोबाचं काम मिळालं होतं. सहाला सुटायचं. थंडीच्या दिवसांत मोहदरी घाट ओलांडेपर्यंत काळोख. एसटी सिन्नरला लागायला साडेसात. पाच महिने मी केलं ते काम. एसटीत मला कधी कुणाचा त्रास झाला नाही, कंडक्टर ओळखीचे झाले होते. मग स्टँडवर कुणीतरी मला पाहिलं, कुणीतरी घरी येऊन "काळजीपोटी" सांगितलं आणि नोकरी सुटली. लग्नानंतर, मुलांनंतर, मी सगळ्यांना सांगत आले की घरासाठी मी नोकरी सोडली. ते खरं नाही. सोडली तेव्हा घरही नव्हतं आणि मुलंही नव्हती. मी घाटाला भ्याले नव्हते, स्टँडवरच्या त्या एका माणसाला भ्याले होते. चाळीस वर्षं दुकानाच्या वह्या लिहिल्या, त्यात मन रमलं, तक्रार नाही. पण ही नोंद चुकीच्या खात्यावर पडली होती, ती दुरुस्त करते आहे.

याचा अर्थ धोका खोटा असतो असं मुळीच नाही. २००७ मध्ये पुण्यात बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण मुलीला कंपनीने ठेवलेल्या गाडीच्या चालकानेच वाटेत नेऊन, साथीदारासह अत्याचार करून मारलं. सुरक्षेसाठी म्हणून जी गाडी होती तीच. तेव्हा "गाडी आहे ना" एवढ्यावर माझं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको.

आपल्या समाजाने हा प्रश्न पूर्वीही एकदा सोडवला आहे. मगनबेन आठवा. शेठ माणिकचंद हिराचंद यांची मुलगी, लहान वयात विधवा झालेली. वडिलांनी तिला शिकवलं आणि तिने मुंबईत श्राविकाश्रम काढला. सोलापूरला सुमतीबाई शहांनी तसंच काम उभं केलं. शंभर वर्षांपूर्वी विधवा सुनेला घराबाहेर शिकायला पाठवायला कोण तयार होतं? पण तिथे आपल्या आचाराचं जेवण होतं, सूर्यास्ताआधी पंगत बसायची, स्वाध्याय होता, ओळखीची बाई राखणीला होती. म्हणून घरांनी पाठवलं. धर्म पाळणं आणि बाहेर पडणं हे त्यांनी एकमेकांसमोर उभंच केलं नाही. मुलींना घरात ठेवण्याऐवजी त्यांनी बाहेरची जागा तशी करून घेतली.

कायदाही हळूहळू त्याच वाटेने आला. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने कलम ६६ ची रात्रीची बंदी समानतेच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरवली आणि बायकांना रात्री काम द्यायचं तर मालकाने काय काय करावं हे सांगितलं. आपल्या महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती करून, सुरक्षेच्या आणि ने-आणीच्या अटींवर, बायकांना रात्रीच्या पाळ्या खुल्या केल्या. दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊनंतरच्या कामासाठी बाईची संमती लागते. म्हणजे जबाबदारी बाईच्या घरी बसण्यावरून मालकाच्या व्यवस्थेवर सरकली. कागदावर तरी. बाळंतपणाची रजा २०१७ मध्ये १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. त्याचे पैसे पुन्हा मालकाच्याच खिशातून, म्हणजे १९२९ चा घोळ अजून आहेच.

तर चौथ्या दिवशी मी सूनबाईंना म्हटलं, "नाही म्हणायचं कारण मला सापडलं नाही. पण मला काही विचारायचं आहे." आणि मी वहीत लिहून ठेवलेले प्रश्न विचारले. बसचा चालक कोण आणि त्याची पडताळणी कुणी केली? बसमध्ये बाई सुरक्षारक्षक असते का? शेवटी उतरणारी कोण? तू शेवटची असशील तर रस्ता बदलून घेता येईल का? छळाची तक्रार करायची समिती कुठे बसते, तिच्यातल्या बायकांची नावं काय? साडेपाचची सुट्टी लेखी मिळेल का, कारण डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य मावळतो?

ती बघत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, हे सगळं मलाही सुचलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी तिने सगळी उत्तरं आणली. दोन समाधानकारक होती. एक नव्हतं. शेवटी उतरणारी तीच होती. त्यासाठी तिने अर्ज दिला आणि मार्ग बदलून मिळाला. आता शेवटी चालकाबरोबर बाई सुरक्षारक्षकच असते.

मागच्या आठवड्यात तिची पहिली दुसरी पाळी झाली. मी साडेदहापासूनच ओट्यावर जाऊन बसले. हे म्हणाले आत ये, थंडी आहे. गल्लीतल्या त्या मावशी आता नाहीत, पण त्यांची मोठी मुलगी, जी पानं कापून द्यायची, ती समोरच राहते. मला बसलेली पाहून तीही शाल घेऊन बाहेर आली. तिची सूनही माळेगावलाच जाते, पॅकिंगला, पण तिला अजून बस नाही, रिक्षाचे पैसे वाटून घेऊन येतात चौघी. अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी बस आली. सूनबाई उतरली, तिच्या हातात रिकामा डबा होता. समोरची रिक्षा अजून आली नव्हती, म्हणून आम्ही तिघी तिथेच बसून राहिलो.